बिनगाडीचा रस्ता

हॉर्न वाजला आणि जानकी डावीकडे सरकली. बस डावीकडेच होती.

थांब्यावरून बस बाहेर पडत होती, तिचा आरसा जानकीच्या हेल्मेटला घासून गेला, एवढंच. ती पडली नाही, खरचटलं नाही, गर्दी जमली नाही. दहिसर चेक नाक्याच्या अलीकडे, सर्व्हिस रोडवर, सकाळच्या वेळी असं किती जणांचं होत असेल, त्याची कोणी बातमी करत नाही. ड्रायव्हरने खिडकीतून हात नाचवून दोन शब्द सुनावले आणि बस गेली. पण जानकी सायकल धरून शहाळेवाल्याच्या हातगाडीपाशी जी उभी राहिली ती राहिलीच. तिचं डोकं दुसऱ्याच गोष्टीवर अडलं होतं. हॉर्न तिने ऐकला होता. चांगला खणखणीत ऐकला होता. आणि तो उजवीकडून आला होता, शपथेवर सांगितलं असतं तिने. म्हणून तर ती डावीकडे वळली. म्हणजे जीव वाचवायला म्हणून आपण सरळ बसच्या तोंडात गेलो, हे लक्षात आलं तेव्हा भर उन्हात तिचे हातपाय गार पडले. शहाळेवाला म्हणत होता, "ताई, बसा जरा, पाणी घ्या." तोही उजवीकडून म्हणत होता. बघते तर हा डावीकडे, कोयता हातात घेऊन उभा.

डावा कान गणपतीत गेला होता. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी उठली तर कानाला दडा बसलेला. आदल्या दिवशी इतके ढोल-ताशे वाजले होते की बिल्डिंगमधली निम्मी माणसं कानात बोटं घालून फिरत होती, तेव्हा दडाच असणार, उतरेल आपोआप, असं धरून तिने आठवडा काढला. आईने फोनवरून लसणीचं तेल सांगितलं, ते घातलं. नाक दाबून हवा भरून झाली, एका पायावर उड्या मारून झाल्या. शेवटी कानाच्या डॉक्टरकडे गेली तर तो सरळच बोलला: ढोलांचा काही संबंध नाही, आतली नस गेलीय, पहिल्या दोन-तीन दिवसांत आला असतात तर आशा होती. घ्या! ज्या आवाजावर तिने आठवडाभर खापर फोडलं, तो बिचारा निर्दोष निघाला. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या, कान काही परत आला नाही. लोकांना वाटतं एक कान गेला म्हणजे आवाज निम्मा झाला. तसं नसतंच मुळी. आवाज सगळे येतात, फक्त कुठून येतात ते कळत नाही. जो येतो तो चांगल्या कानाच्या दारातून येतो. कुकरची शिट्टी आपली की शेजारच्या सुलक्षणावहिनींची, कळायचं नाही. नितेशने "अगं" म्हटलं की ती स्वयंपाकघरात जाऊन बघायची, गॅलरीत जाऊन बघायची, आणि हा नवरा पलंगावर तिच्या पाठीमागेच बसलेला असायचा. सुरुवातीला दोघंही हसायची. मग तो हसायचा थांबला, आणि मग तीही.

बोरिवलीच्या चष्म्याच्या दुकानात तिचं भागत होतं. गिऱ्हाईक समोर बसतं, तिथे दिशेचा प्रश्न येत नाही. प्रश्न सायकलचा होता. मुंबईत सायकल चालवायची म्हणजे कानाने चालवायची असते. डोळे पुढे, कान मागे. रिक्षा कुठून घुसतेय, दूधवाला कुठून कापतोय, टँकर किती जवळ आलाय, हे सगळं मागचं जग कानात असतं. तिच्या मागचं जग निम्मं नव्हे, सगळंच्या सगळं पुसलं गेलं होतं, आणि ते तिला इतके महिने कळलंच नव्हतं, आज आरशाने घासून सांगितलं. आणि सायकल म्हणजे जानकीचं काय होतं, हे कोणाला सांगून समजणारं नव्हतं. सदतिसाव्या वर्षी शिकली ती. नॅशनल पार्कात भाड्याची सायकल मिळते ती घेऊन, रविवारी सकाळी, बारकी पोरं हसत असताना. घाणेरीच्या झुडपात दोनदा गेली, कोपर फोडून घेतलं. आईला फोनवर सांगितलं तर आई कणकवलीहून म्हणाली, "ह्या वयात सायकल? याड लागला काय गो तुका?" लागलंच होतं. ज्या सकाळी पहिल्यांदा पाय न टेकवता ती झाडाखालच्या लांबलचक उतारावरून खाली आली, तेव्हा तोंडातून आवाज निघाला होता, किंकाळीसारखा, आणि समोरून फिरायला आलेले दोन आजोबा दचकून बाजूला झाले होते. तो आवाज आपला होता यावर तिचा कितीतरी दिवस विश्वास बसला नव्हता. घरात ती कधी मोठ्याने बोलतसुद्धा नाही. मग जाड टायरची, खडीवर चालणारी सायकल घेतली. दुकानातल्या पोरी विचारायच्या, मॅडम, एवढं काय मिळतं त्यात? ती म्हणायची, काही नाही गं, व्यायाम. आता काय सांगायचं, की मला त्यात मी मिळते?

हेल्मेटवरचा ओरखडा नितेशने त्याच संध्याकाळी पाहिला. तो साकीनाक्याला एका गाळ्यात साचे बनवायचं काम करतो. लोखंडावरचा केसाएवढा चरा त्याला दिसतो, हा तर बोटभर होता.

"हे काय?"

"लागलं कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे? भिंतीला लागलं तर चुना लागतो. हे काळं आहे."

"बसचा आरसा," जानकी म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हेल्मेट मांडीवर घेऊन नुसता बसला. मग म्हणाला, "बास झालं आता. सायकल मानसीला देऊन टाक. तिला आवडते तुझी, चालवेल ती."

मानसी म्हणजे तिच्या सायकलच्या ग्रुपमधली पोरगी, विमानतळावर कार्गोच्या ऑफिसात कामाला, वयाने निम्मी पण जीव लावणारी. तिला काही देण्याबद्दल जानकीची कधीच तक्रार नव्हती. पण ते ऐकून ती काहीच्या काही बोलून गेली.

"आणि गाडीच नसेल असा रस्ता असला तर?"

"मुंबईत?"

"मुंबईत कशाला? डोंगरात. जंगलातून मुरमाचा रस्ता. एक पण गाडी नाही."

"असा रस्ता नसतो, जानकी."

"आहे. मला माहितेय." तिला काडीचंही माहीत नव्हतं.

"मग दाखव. मी पण येतो," नितेश म्हणाला. "पहिल्यापासून शेवटपर्यंत एक गाडी दिसली नाही, तर तू, तुझी सायकल आणि तुझं जंगल, मी आयुष्यात तोंड उघडणार नाही. पण एक जरी दिसली, एक, तरी सायकल मानसीकडे. बोल."

"ठरलं," ती म्हणाली, आणि म्हटल्याबरोबर तिच्या छातीत धडधडायला लागलं. भीतीने नव्हे. कितीतरी दिवसांनी तिला कशाची तरी घाई झाली होती.

त्या दिवसापासून दुपारचा डबा एका हाताने आणि मोबाइल एका हाताने, असं चालू झालं. आकाशातून काढलेलं डोंगरांचं चित्र बोटाने मोठं करायचं आणि झाडीतून जाणारी तपकिरी दोऱ्यासारखी वाट शोधायची. डांबरी रस्ता करडा दिसतो, नदी काळी दिसते, मुरमाची वाट फिकट दिसते; हळूहळू तिला हे पाठ झालं. एखादी वाट छान निघायची आणि मध्येच रिसॉर्ट यायचं. रिसॉर्ट आलं की गाडी आलीच, ती बाद. एखादी दगडखाणीत शिरायची, तिथे डंपर, ती तर बघायलाच नको. दुकानात दुपारी वसुधा नावाची सहकारी विचारायची, "जमीन घेतेयस का गं कुठे?" जानकी म्हणायची, हो, अख्खा डोंगर घेतेय. आणि खरंच एके दिवशी मिळाला की! वाड्याच्या पलीकडे, जव्हारच्या अलीकडे, खोडदऱ्याचं जंगल. एका बाजूला वनखात्याचा कच्चा रस्ता, गवतात हरवत चाललेला. दुसऱ्या बाजूला धरणाच्या कामासाठी केलेला जुना रस्ता, काम संपलं आणि तो तसाच पडून राहिला. मध्ये डोंगर, आणि डोंगरावरून या दोघांना जोडणारी एक पट्टी: रुंद, सरळ, स्वच्छ, भांगासारखी. इतका सुंदर रस्ता आणि त्यावर कुणाचं नाव नाही! तिने तोंडातला घास गिळायच्या आधीच मानसीला मेसेज केला. मानसीचं उत्तर आलं, "झकास ना यार! रविवारी चला. मी गाडी घेते, एका बाजूला तुम्हाला सोडते, दुसऱ्या बाजूला येऊन थांबते." नितेशसाठी तिने स्वतःची सायकलसुद्धा देऊ केली. पैजेचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं तरी काय, की मी हरले तर तुला सायकल?

रविवारी उजाडता उजाडता जंगलाच्या नाक्यावर नावं सांगून दोघं आत शिरली आणि पहिल्याच वळणावर जानकीला कळलं की आपण ज्याची इतके दिवस कल्पना करत होतो त्याहून हे वेगळं आहे. चांगलं म्हणजे काय चांगलं! थंडी अशी की बोटं ब्रेकवर वळत नव्हती. मुरूम दवाने दबलेला. टायर त्यावरून जाताना करकर आवाज होत होता, आणि तो आवाज कानातून येतच नव्हता, तो हँडलमधून मनगटात, मनगटातून दातांत येत होता. डावा-उजवा असा त्यात भेदच नव्हता. दोन्ही हातांनी, दोन्ही तळपायांनी, बुडाखालच्या सीटने ती रस्ता ऐकत होती, आणि तिला एकदम हसूच आलं. इतके महिने एका कानाची राखण करत बसलो आणि हे एवढं मोठं अंग रिकामं ठेवलं होतं. मागून नितेश विव्हळत होता, "हाडं खिळखिळी झाली गं, हा रस्ता आहे की खलबत्ता?" तो मागे आहे हे तिला माहीत होतं म्हणून आवाज मागून आल्यासारखा वाटला, एरवी उजवीकडूनच. चढ आला, साग आणि ऐन, पानगळ सुरू झालेली, पानं मोठाली, त्यांच्यावरून चाक गेलं की पापड मोडल्यासारखी. मग उतार. उतारावर तिने ब्रेक सोडले. सर्व्हिस रोडवर उतार आला की डोक्यात एकच, मागून काय येतंय, काय येतंय. इथे मागे नवरा आणि त्याच्या मागे नुसतं जंगल. तोंडातून तो आवाज निघाला. तोच, किंकाळीसारखा. सात वर्षं झाली होती तो ऐकून. वानरांची टोळी फांद्या हलवत पळाली. "काय झालं? पडलीस?" नितेश घाबरून ओरडला. "नाही रे," ती ओरडली, "काही झालं नाही!" आणि पुन्हा ओरडली, मुद्दाम.

गाडी नव्हती. एका ओढ्याशी पाणी प्यायला थांबली तेव्हा नितेश म्हणाला, "बैलगाडी आली तर धरायची का?" ती म्हणाली, बैलगाडीला हॉर्न असतो का? तो म्हणाला, मग नाही धरायची. तो घामाने निथळला होता, एक गुडघा फुटला होता, आणि चिडलेला असायला हवा होता, पण चिडलेला दिसत नव्हता. गाळ्यात बारा महिने लोखंडाच्या कर्कश आवाजात राहणारा माणूस, तो झाडाला टेकून कान देऊन ऐकत होता. "काय शांत आहे गं," म्हणाला. "तुला ऐकू येतंय? तिकडे तांबट आहे." तिने तिकडे पाहिलं. तांबट तिला ऐकू येत होता, पण तो तिच्यासाठी उजवीकडच्या झाडावर होता. सगळेच पक्षी उजवीकडच्या झाडांवर होते. डावीकडचं जंगल नुसतं उभं होतं, चित्रातल्यासारखं, पान हलायचं पण वाजायचं नाही. इतक्या आनंदात हे एवढंसं कुठेतरी टोचत राहिलं. हे काही तिने नितेशला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याचा चेहरा पुन्हा हेल्मेट मांडीवर घेऊन बसल्यासारखा झाला असता, आणि आज तिला तो चेहरा नको होता.

आणि मग ती पट्टी आली. चित्रातली रुंद, सरळ, स्वच्छ पट्टी. कच्च्या रस्त्यावरून उजवीकडे वळायचं आणि त्या पट्टीने डोंगर ओलांडायचा, असं मोबाइल सांगत होता, कारण जानकीनेच तसं आखलं होतं. जानकी वळली आणि चाक भसकन काळ्या राखेत रुतलं. रस्ता नव्हताच. गवत कापून जाळलेलं, त्याची बोचरी खुंटं राहिलेली, जळकट वास, आणि ही काळी पट्टी समोरच्या डोंगरावर सरळ शिडी लावल्यासारखी चढत गेलेली. कुठला शहाणा असा सरळसोट रस्ता बांधेल? नितेश मागून आला, उतरला, राख चिमटीत धरून पाहिली आणि हसत सुटला. इतका हसला की खाली बसला.

"अगं बये, ही जाळरेषा आहे! उन्हाळ्यात वणवा लागला तर पलीकडे जाऊ नये म्हणून गवत जाळून ठेवतात. आमच्या बाबांनी आंब्याच्या बागेभोवती दर वर्षी काढलीय, मी लहानपणी कोयता घेऊन असायचो. आणि तू त्यावरून सायकल चालवायला निघालीस!"

जानकीचे कान तापले, दोन्ही. कोकणातली सून, उन्हाळ्यात सासरी गेली की त्या बागेभोवतीच्या काळ्या पट्टीवरून चालत विहिरीवर जायची, आणि आकाशातून बघितल्यावर तिला तो हमरस्ता वाटला. वाट लागली! मागे फिरायचं म्हटलं तर मानसी डोंगराच्या पलीकडे, आणि मोबाइलला रेंज नाही. मग काय, सायकली ढकलायच्या. ढकलल्या. मध्ये मध्ये खांद्यावर घेतल्या. चेन पोटरीला काळं फासत होती, खुंटं बुटांत घुसत होती, दोघांची तोंडं होळीत गेल्यासारखी झाली, आणि नितेश दर थोड्या वेळाने म्हणत होता, "गाडी मात्र एक पण नाही हां. हे मान्य. या रस्त्यावर तर गाडीचा बापसुद्धा यायचा नाही." ती त्याला मारायला धावत होती आणि हसता हसता तिच्यात बळच राहत नव्हतं. लग्नाला एवढी वर्षं झाली, ही दोघं असं कधी हसली होती? कान गेल्यापासून तर घरात तो तिच्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होता. इथे त्याने तिला सरळ "मूर्ख" म्हटलं आणि तिला काय बरं वाटलं! कसं सांगावं.

माथ्यावर वारा होता. सायकली आडव्या टाकून दोघं खडकावर बसली. पुढे पाणी, धरणाचं, आणि त्याच्या काठाने जाणारा जुना रस्ता लाल दोरीसारखा. नितेश काहीतरी बोलत होता बहुतेक, कारण थोड्या वेळाने तो उठला, तिच्या मागून वळसा घालून उजवीकडे येऊन बसला आणि तेच पुन्हा बोलला.

"म्हटलं, मला त्या दिवशी गाळ्यात काम सुचलं नाही. हेल्मेट बघितल्यावर दुसऱ्या दिवशी. एक साचा वाया घालवला."

"मला नाही सांगितलंस."

"काय सांगणार? तू घरातून निघालीस की मी तू पोचल्याचा फोन येईपर्यंत मिनिटं मोजत बसतो. तुला नाही कळायचं ते."

तिला कळलं. ती उठून उभी राहिली आणि उगाच, काहीतरी करायचं म्हणून, जागच्या जागी वळली, आल्या वाटेकडे तोंड करून. आणि वळल्याबरोबर तिच्या लक्षात आलं की जंगल बदललंय. मघाशी जी झाडं मुकी होती, ती आता उजवीकडे आली होती आणि त्यांच्यात काय गलका चालला होता! सातभाईंची भांडणं, वाऱ्याची सळसळ, कुठेतरी सुतारपक्षी ठोकतोय. ती पुन्हा वळली. ती बाजू गप्प, ही बाजू चालू. पुन्हा वळली. नितेश खालून बघत होता, बायकोला भोवंड आलीय की काय. तिला मात्र आनंदाने नाचावंसं वाटत होतं. काही गेलेलं नव्हतं! सगळं होतं तिथेच, जागच्या जागी, आपण फक्त मान वळवायची. एवढी साधी गोष्ट, आणि ती डॉक्टरने सांगितली नाही, कोणीच सांगितली नाही, कारण मुंबईत मान वळवून उभं राहायला जागाच कुठे आहे?

पलीकडे मुरमाचा रस्ता लागला तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. मानसीला दिलेली वेळ कधीच टळून गेली होती. "घाबरली असेल पोरगी," नितेश म्हणाला. पण आता काळजी नव्हती, आता शेवटचा उतार, धरणाच्या भिंतीपर्यंत, आणि खाली मानसी, आणि पैज जिंकलेली! जानकी पुढे सुटली. लाल मुरूम, दोन बाजूंना करवंदीच्या जाळ्या, वळणावर वळणं. जिंकलो, जिंकलो, असं चाक म्हणत होतं. आता दर रविवारी. जव्हारचं झालं, मग भीमाशंकरकडचं शोधायचं, मग कोयनेकडचं, महाराष्ट्रात डोंगर काय कमी आहेत? एक वळण गेलं, दुसरं गेलं, आणि मागून नितेश जिवाच्या आकांताने ओरडला, "जानकी! गाडी!"

कुठे? मागे? पुढे? इंजिनाचा आवाज तिला आता येत होता, उजवीकडून, म्हणजे कुठूनही. क्षणभर ती सर्व्हिस रोडवर होती, आरसा हेल्मेटला लागणार होता, अंग डावीकडे झुकायला लागलंसुद्धा होतं. आणि तिने झुकू दिलं नाही. तिने ब्रेक दाबले, मागचं चाक खडीवर फराटा ओढत गेलं, पाय टेकला, आणि तिने मान वळवली. या बाजूला, मग त्या बाजूला. झाडांच्या शेंड्यांवर, पुढच्या वळणापाशी, लाल धूळ उठत होती. पुढून. पुढून येतेय! तिने सायकल उचलून कडेच्या करवंदीत घातली आणि स्वतः त्यात शिरली. पांढरी गाडी वळणावरून आली, तिच्या अंगावर मूठभर मुरूम उडवून पुढे गेली आणि करकचून थांबली. दार उघडून मानसी धावत आली.

"जानकीताई! अगं कुठे होतात तुम्ही? मी वेडी झाले यार इथे! फोन लागेना, माझा जीव गेला अर्धा. धरणावरच्या वॉचमनला हातापाया पडून गाडी आत घेतली मी!"

नितेश येऊन पोचला. डोक्यापासून पायापर्यंत लाल, भुवयासुद्धा लाल. तो एकदा गाडीकडे, एकदा जानकीकडे बघत राहिला. जानकी करवंदीतून काटे सोडवत बाहेर येत होती. जंगलातल्या एवढ्या रस्त्यात एक गाडी आली होती, आणि ती त्यांचीच होती, आणि ती घेऊन येणारीने, स्वतःला माहीत नसताना, एक सायकल जिंकली होती.

"ही नाही धरायची," नितेश घाईघाईने म्हणाला. "घरची गाडी काय गाडी असते? ती आपल्याला शोधायला आली. आपण चुकलो नसतो तर आलीच नसती. ही नाही धरायची, जानकी. जिंकलीस तू."

त्याच्या तोंडावर इतकी धूळ होती की फक्त डोळे दिसत होते, आणि ते डोळे तिला विनवत होते, घे ना, सोडतोय तर घे. या माणसाला वाटत होतं की आपण तिला सायकल परत देतोय.

"धरायची," जानकी म्हणाली. "गाडी ती गाडी. हॉर्न आहे, चाकं आहेत, अंगावर येते. हरले मी."

"काय हरलीस?" मानसी विचारत होती. "कसलं काय धरायचं?"

"हरले, पण सायकल देणार नाही," जानकी म्हणाली. आवाज चढला होता, तिचा तिलाच ऐकू येत होता. "पैज गेली खड्ड्यात. गाडी आली, नितेश, आणि मी तिला बघितलं. आधी तुझ्या ओरडण्याने वाट लागली माझी, पण मग मी बघितलं. मला बिनगाडीचा रस्ता कशाला पाहिजे? असा किती दिवस शोधत फिरू? घरापासून जंगलापर्यंत काय उडत जाऊ?"

नितेश हळूच म्हणाला, "मला भीती वाटते गं."

"मला पण वाटते. खूप वाटते." ती सायकल सरळ करत होती. "मानसी, गाडी वळव."

"हो, सायकली वर टाकू, चला."

"एकच टाक वर, माझी नाही. नितेश, तू गाडीत बस. मी पुढे चालवते, खालपर्यंत. तुम्ही माझ्या मागून या. आणि मध्येच, मला न सांगता, हॉर्न मारायचा. मोठा."

मानसीने नितेशकडे पाहिलं. नितेशने जानकीकडे पाहिलं. मग तो गाडीत जाऊन बसला, धुळीसकट, पुढच्या सीटवर.

जानकी निघाली. मुरूम कर्रकन वाजला, मनगटात, दातांत. पहिलं वळण गेलं, काही नाही. पाठ ताठ झाली होती, खांदे कानांशी आले होते. दुसरं वळण. मारत का नाहीत? घाबरले की काय दोघं? आणि मग हॉर्न वाजला, लांबलचक, सगळं खोरं दणाणून सोडणारा, आणि तो उजवीकडून आला, जसा येणार होता तसाच. जानकीने हँडल सरळ धरलं आणि मान वळवली. गाडी मागे होती. काचेमागे नितेश दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसला होता. तिने एक हात सोडून त्याला पुढे जायची खूण केली, आणि कडेला सरकली.